निशाणी अंगठा

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात, जेथे गहू, मोहरी आणि जवस यांची शेते नजर पोचेल तेथवर पसरलेली असतात, तेथील एका धान्यव्यापारी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने २०२१ च्या मार्च महिन्यात एका शेतकऱ्याशी फोनवर बोलणे झाल्यानंतर ८७ टन जवसाच्या खरेदीचा करारनामा तयार केला, त्यावर स्वतःची सही केली, मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र काढले आणि 'करार मान्य असल्याचे कळवा' अशा अर्थाच्या एका ओळीसह ते शेतकऱ्याकडे धाडून दिले. शेतकऱ्याने उत्तरादाखल एक अक्षरही लिहिले नाही. वर उभारलेल्या अंगठ्याचे ते सुपरिचित चित्र तेवढे पाठविले. नोव्हेंबरात जवस यावयाचे होते, ते आले नाही. दरम्यान भाव चढले होते. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा शेतकऱ्याने असे निवेदन केले की, अंगठा दाखवून आपण कागद पोचल्याचे केवळ कळविले होते, करार कबूल केला नव्हता. कंपनीने दाखवून दिले की, याच गृहस्थाने यापूर्वीच्या करारांना 'ठीक', 'हो' अशी एका शब्दाची उत्तरे दिली होती आणि त्या शब्दांवर माल बिनतक्रार पोचविला होता. जून २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा ही सहीच होय असा निर्णय देऊन शेतकऱ्याला ८२,००० कॅनेडियन डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई भरावयास लावली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली त्यांपैकी बहुतेकांनी ती एक विनोद म्हणून ऐकली. मला मात्र तीत नवे असे फारसे काही दिसले नाही. चित्र काढून संमती देण्याची रीत या महाराष्ट्राला मोबाइलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. वतनाच्या आणि गोतसभांच्या जुन्या कागदांवर पाटलाच्या नावाशेजारी नांगर काढलेला असे, शेट्याच्या नावाशेजारी तराजू असे. पुढे इंग्रजी अमदानीत शाई लावलेला अंगठा आला आणि 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द खरेदीखतापासून पंचनाम्यापर्यंत सर्वत्र रूढ झाले. परंतु त्या रीतीत आणि आजच्या रीतीत एक अंतर आहे, आणि माझ्या मते ते मोठे आहे. त्या कागदावर चित्र एकटे कधी नसे. नांगरापाशी नाव असे, गाव असे, वर सगळा मजकूर असे. ज्याला वाचता येत नसे त्याला तो वाचून दाखविला जाई, आणि 'मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे' असे लिहिल्यावरच अंगठा टेकविला जाई. अंगठा निरक्षराचा असला तरी त्याचा अर्थ पक्का होता. आज आपण साक्षर झालो आहोत आणि अंगठा मात्र अनर्थक झाला आहे.

या अनर्थाचा एक नमुना मी अगदी जवळून पाहिला. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या भाच्याचा लहानसा कारखाना आहे. दोन सीएनसी यंत्रे, एक जुनी लेथ, नऊ माणसे. माझी सारी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात गेली असल्यामुळे निवृत्तीनंतर त्याची चलने, कोटेशने आणि तगाद्याची पत्रे मी हौसेने पाहत असे. चाकणची एक कंपनी त्याच्याकडून पोलादी बुश करून घेत असे आणि दोन्हीकडच्या मिळून सतरा माणसांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्या ग्रुपवर एका रात्री पावणेदहाच्या सुमारास बुशचे सुधारलेले ड्रॉइंग येऊन पडले. सोबतचा मजकूर एवढाच : 'न्यू रेव्ह. प्लीज नोट.' आमच्या सुपरवायझरने जेवता जेवता अंगठा दिला. भाच्यानेही दिला. कोणीतरी हात जोडले. सकाळच्या पाळीतल्या ऑपरेटरने यंत्रावर आदल्या दिवशीचाच प्रोग्राम लावून चारशे नग काढले. ते दुपारी टेंपोत चढले, आणि तिसऱ्या दिवशी लाल टॅग लागून परत आले. नव्या ड्रॉइंगात भोकाचा व्यास ०.३ मिलिमीटरने बदलला होता. भोक मोठे व्हावयाचे असते तर पुन्हा बोअर करून निभावले असते. परंतु नवे भोक जुन्याहून लहान होते, आणि पोलादातून एकदा काढलेले परत घालता येत नाही.

"मामा, मी अंगठा दिला तो ड्रॉइंग मिळालं म्हणून दिला," भाचा म्हणाला. चाकणचे खरेदी अधिकारी फोनवर म्हणाले, "तुम्ही अंगठा दिलात, म्हणजे या लॉटपासून बदल केला असंच आम्ही धरलं." दोघेही खरे बोलत होते. सस्कॅचेवानचा शेतकरी आणि व्यापारी यांच्यातला खटला भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्यायाधीशावाचून पुन्हा चालला होता.

कचेरीतल्या व्यवहारात एखादा मजकूर आपल्याकडे आला असता आपण जे काही उत्तर देतो त्याचे वस्तुतः चार वेगळे अर्थ होऊ शकतात : कागद पोचला, वाचून समजला, त्यातले म्हणणे मान्य आहे, आणि त्याप्रमाणे मी अमुक दिवसापर्यंत करतो. या चार पायऱ्या एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की, पहिलीवरून चौथीवर उडी मारणारा माणूस तोंडघशी पडल्याखेरीज राहत नाही. मराठी दफ्तराला हा भेद उत्तम कळत होता. 'पत्र पाठविले ते पावले, मजकूर अवगत झाला' या जुन्या पत्रांतल्या नित्याच्या शब्दांत पहिल्या दोन पायऱ्या स्वतंत्रपणे नोंदविल्या जात, आणि मंजुरी किंवा हुकुमाची तामील हा त्यापुढचा निराळा मजकूर असे. आज यांतली पहिली पायरी यंत्रच चढते. संदेश पोचला की दोन करड्या खुणा उमटतात, वाचण्यासाठी उघडला की त्या निळ्या होतात. नोव्हेंबर २०१४ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय आहे. तेव्हा पोच देण्यासाठी अंगठा खर्च करण्याचे खरे म्हणजे प्रयोजनच उरलेले नाही. आणि तरीही आपण तो बहुतेक वेळा पोच म्हणूनच देतो व घेणारा तो मंजुरी म्हणून घेतो.

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे. १८७२ चा भारतीय करार कायदा स्वीकृती निरपवाद आणि बिनशर्त असली पाहिजे असे सांगतो, पण ती शाईनेच दिली पाहिजे असे सांगत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता दिली. आणि २०१० मध्ये ट्रायमेक्स आणि वेदान्त या कंपन्यांमधील बॉक्साइटच्या पाच जहाजांच्या वादात, औपचारिक करारावर सह्या झालेल्या नसताही ईमेलांची देवाणघेवाण हाच करार होय, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. 'अहो, ते नुसतं मेलवर बोललो होतो' ही सबब त्या दिवसापासून कच्ची झालेली आहे.

आता मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे वळतो, आणि ती व्याकरणाची आहे. आपल्या कचेऱ्यांतली वाक्ये कर्त्यावाचून चालू लागली आहेत. 'आपल्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य घ्या. ते शुद्ध आहे, सभ्य आहे, मंत्रालयापासून तलाठ्याच्या सज्जापर्यंत सर्वांच्या ओठी आहे. परंतु कार्यवाही कोण करणार, हे त्या वाक्याला स्वतःलाच ठाऊक नाही. खासगी कंपन्यांतील मंडळी या सरकारी भाषेला हसतात आणि स्वतः मात्र 'होऊन जाईल' असे लिहितात. व्याकरणदृष्ट्या येथे कर्ता आहे खरा. पण तो म्हणजे ते कामच! माणसाचा हात न लागता काम आपले आपण होऊन जाणार आहे. 'बघतो' हा शब्द याहूनही थोर आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, वर्तमानकाळ आहे, आणि वचन मात्र कोणतेही नाही. 'बघतो' म्हणणाऱ्याने केवळ बघण्याचेच कबूल केलेले असते, हे आपण सगळे जाणतो आणि तरीही आठ दिवसांनी 'तुम्ही बघतो म्हणाला होतात' म्हणून त्याच्यावर रागावतो. अशा शब्दांत एक प्रकारचे सौजन्य आहे हे मी नाकारीत नाही. समोरच्याला तोंडावर नकार न देण्याची ती आपली जुनी रीत आहे, आणि ओसरीवरच्या गप्पांत ती शोभतेही. मात्र चारशे नगांचा माल जेथे अडकला आहे तेथे हे सौजन्य महाग पडते.

चाकणच्या त्या संदेशात कर्ता, कर्म, काळ यांपैकी काहीच नव्हते. नंतर एका रविवारी भाच्याला समोर बसवून मी तो संदेश त्याच्याकडूनच पुन्हा लिहवून घेतला. बऱ्याच खाडाखोडीनंतर जे उतरले ते असे : 'बुशचे ड्रॉइंग बदलले आहे. भोकाचा व्यास १२.५ ऐवजी १२.२ मिमी. हा बदल उद्या, मंगळवारच्या पहिल्या पाळीपासून लागू. यंत्रावरचा प्रोग्राम पाटील बदलतील व पहिला नग मोजून माप सकाळी नऊपर्यंत येथे टाकतील. जुन्या मापाचे नग शिल्लक असल्यास ते पाठवू नयेत, संख्या कळवावी.' (नाव अर्थात आम्ही सोयीसाठी घातले.) लिहिणाऱ्याची तीन मिनिटे जास्त गेली असती. आपल्याकडे पुष्कळांची अशी समजूत आहे की संक्षेप म्हणजे थोडे शब्द. माझ्या मते संक्षेप वाचणाऱ्याच्या बाजूने मोजावा : ज्या मजकुरामुळे पुन्हा फोन करावा लागत नाही तो संक्षिप्त, आणि ज्या तीन शब्दांमुळे तीन दिवस फोन करावे लागतात तो पाल्हाळ.

सतरा माणसांच्या त्या ग्रुपबद्दलही बोलले पाहिजे. ईमेलमध्ये जी 'सीसी' ची ओळ असते ती टंकलेखन यंत्राच्या काळातील कार्बन प्रतीचे नाव मिरवीत आजही उभी आहे, हे नव्या पिढीतील अनेकांना माहीत नसते, कारण त्यांनी कार्बन कागद हाताळलेला नसतो. मी तो हाताळला आहे. यंत्रात मूळ कागद आणि त्यामागे कार्बन लावून प्रती घालावयाच्या, तर तिसरी प्रत बरी उठे, चौथी फिकट येई आणि पाचवीवरची अक्षरे उजेडात धरून ओळखावी लागत. त्यामुळे प्रत कोणाला धाडावयाची याचा विचार साहेबाला मजकूर सांगण्यापूर्वीच करावा लागे. पाचवी प्रत ज्याच्या नशिबी येई त्याला त्या कामाशी फारसे कर्तव्य नाही हे तो कागद पाहूनच समजे. आज पाचशेवी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ उठते आणि तिला दमडी पडत नाही. म्हणून 'असू द्या माहितीला' या न्यायाने प्रत्येक पत्र प्रत्येकाकडे जाते, आणि जे सर्वांना आले ते आपल्याला आलेले नाही असे प्रत्येकजण धरून चालतो. येथे आपल्या शासकीय पत्रलेखनाची, एरवी मी त्याला नावे ठेवतो तरी, स्तुती करणे भाग आहे. त्या पत्राच्या तळाशी 'प्रत माहितीसाठी' आणि 'प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी' असे दोन निराळे शेरे असतात. कोणी नुसते जाणून घ्यावयाचे आणि कोणी हात हलवावयाचे, हे त्या शेऱ्यांतून ठरते. परदेशी व्यवस्थापनशास्त्राची जाडजूड पुस्तके चाळणाऱ्यांनी एखादे दिवशी जिल्हाधिकारी कचेरीतील बारनिशीच्या टेबलाशी उभे राहून हा तळटिपेचा शिरस्ता पाहून यावा.

काळाविषयीचा घोटाळा याहून गमतीचा आहे. हिंजवडीतल्या संगणक कंपन्यांत 'ईओडी' ही तीन अक्षरे दिवसातून शंभरदा उच्चारली जातात. अर्थ, दिवस संपेपर्यंत. परंतु कोणाचा दिवस? पुण्याची घड्याळे न्यूयॉर्कच्या घड्याळांपेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असतात, कारण अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबर महिन्यांत घड्याळाचे काटे एक तास पुढेमागे करण्याची प्रथा आहे. तिकडच्या साहेबाचा दिवस जेव्हा संध्याकाळी सहाला मावळतो तेव्हा इकडे दुसऱ्या दिवसाची पहाट झालेली असते. पुण्यातील मुलगी रात्री नवापर्यंत बसून काम पाठविते आणि समजते की आपण वेळ पाळली. साहेब ते दुपारच्या जेवणापूर्वीच आलेले पाहून चकित होतो, किंवा याच्या नेमके उलट घडते आणि दोघेही मनात कटुता धरून बसतात. 'गुरुवार, भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सहा' असे लिहिले की हा सारा ज्योतिषाचा प्रश्न निकालात निघतो.

बैठका आणि त्यांत पडद्यावर दाखविण्यात येणाऱ्या स्लाइड्स यांविषयी मी थोडक्यात आटोपतो. पडद्यावरच्या तुटक ओळींतही कर्ता गळतो आणि कार्यकारणभाव गळतो. अ‍ॅमेझॉन कंपनीचे जेफ बेझोस यांनी २००४ च्या जूनमध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केले आणि त्याऐवजी पूर्ण वाक्यांत लिहिलेले निवेदन आणण्याचा नियम घातला. पुढे तेथे सहा पानी टिपण बैठकीच्या प्रारंभी सर्वांनी मुकाट्याने वाचावयाचे, आणि मग बोलावयाचे, अशी पद्धत पडली. जगातील एवढा श्रीमंत व्यापारी परिच्छेद लिहिण्याचा आग्रह धरतो हे आमच्यासारख्या जुन्या लेखनिकांना सुखावणारे आहे, हे कबूल करतो.

एक गोष्ट उरली, आणि ती पत्राच्या शेवटाची. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे असलेली लहानशी मुद्रा उठविलेली असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे, असा तिचा अर्थ. तिलाच मोर्तब म्हणत. ते मोर्तब आज कोठेच नाही. पूर्वी पत्र लिहून टपालात पडले की निदान उत्तर येईपर्यंत दोन्ही माणसे मोकळी असत. आता संभाषण सकाळी सुरू होते आणि संपत म्हणून नाही, रात्री अकराला 'आणि हो, ते कालचं...' म्हणून पुन्हा डोके वर काढते. चाकणचे ड्रॉइंग रात्री पावणेदहाला आले आणि जेवणाच्या ताटावर वाचले गेले, या गोष्टीचाही त्या चारशे नगांशी संबंध आहे असे मला वाटते. कामाच्या वेळेबाहेर फोन वा मेलला उत्तर न देण्याचा नोकरदाराचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याच अर्थाचे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होवो न होवो, रात्री सुचलेला मजकूर लिहून ठेवून सकाळी नऊला धाडण्याची सोय ईमेलमध्ये असते, आणि तिला पैसे पडत नाहीत.

चारशे नग भंगारात गेले. नुकसान चाकण आणि भोसरी यांनी अर्धेअर्धे सोसले, आणि संबंध तुटला नाही हे दोन्हीकडच्या समजूतदारपणाचे. भाच्याने शेडच्या दाराशी, जेथे पूर्वी सुरक्षिततेची सूचना टांगलेली असे तेथे, एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर ग्रुपवर द्यावयाच्या उत्तराचे चार प्रकार लिहिले आहेत : पोचले, समजले, मान्य, आणि 'करतो' असल्यास सोबत आपले नाव व वेळ. पुठ्ठ्याच्या तळाशी त्याने काळ्या शाईने अंगठ्याचे चित्र काढून त्यावर तांबडी फुली मारली आहे. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, आणि त्याला अकरा जणांनी अंगठा दिला.